माओरी नेते आणि वारसा: टपाल तिकिटांची एक फ्रेम बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे माओरींपैकी, पाच व्यक्तींचा १९८० चा तिकीटसंच हाताशी आहे. त्याला धरून ‘माओरी नेतृत्व आणि वारसा’ या विषयावर सोळा पानांची एक फ्रेम, म्हणजे प्रदर्शनात पानं लावायची चौकट, करायची आहे, पुढेमागे महापेक्ससारख्या राज्यस्तरीय तिकीट-प्रदर्शनात ठेवता आली तर उत्तम. कोणती तिकिटं जमवायची, कोणत्या क्रमाने लावायची आणि खरेदी करताना कुठे फसायला होतं?

या देशाची तिकिटं मी बरीच वर्षं जमवतो आहे. विषय तुम्ही चांगला निवडला आहे आणि सुरुवातीचा संचही योग्य आहे. धोका वेगळाच आहे. माओरी म्हटलं की संग्राहक कोरीव घर, लांब होडी, टिकी (कोरीव मानवाकृती), हाका (जोशातला सामूहिक नाच) अशी देखणी चित्रं शोधून ओळीने लावतो. फ्रेम दिसते छान, पण ती काही सांगत नाही. म्हणून खरेदीला लागण्याआधी एक सवय लावून घ्या. प्रत्येक तिकिटाला दोन प्रश्न विचारा: यावर दिसणाऱ्या माणसाला नाव दिलं आहे का? आणि हे चित्र छापायचं कोणी, कशासाठी ठरवलं? हे दोन प्रश्न विचारले की तिकिटं आपोआप दोन गटांत पडतात. एका गटात माओरी माणूस देशाची शोभा म्हणून येतो, दुसऱ्यात तो स्वतःच्या नावाने येतो. तुमच्या फ्रेमचा कणा हा प्रवास असावा, असं माझं ठाम मत आहे.

पहिला गट १८९८ पासून सुरू होतो. त्याआधी, १८५५ पासून, न्यूझीलंडच्या तिकिटांवर फक्त राणी व्हिक्टोरिया होती. मग सरकारने लोकांकडून चित्रं मागवली, स्पर्धा घेतली आणि एप्रिल १८९८ मध्ये देशाची डोंगर-तळी-पक्षी दाखवणारा चित्रसंच काढला. त्यात ८ पेन्सच्या तिकिटावर माओरींची युद्धाची लांब होडी आहे. वल्हवणारे आहेत, नाव कोणाचंच नाही. याच संचातल्या अडीच पेन्सच्या तिकिटावर वाकातिपू तळ्याचं नाव ‘वाकितिपू’ असं चुकीचं छापलं गेलं आणि नंतर दुरुस्त झालं. ही जोडी स्वस्तात मिळते. संग्राहक ती ‘चूक’ म्हणून घेतात. तुमच्या फ्रेममध्ये मात्र ती पुरावा म्हणून लावता येईल: माओरी नाव देशाच्या तिकिटावर जाताना ते नीट तपासून घ्यायची गरज तेव्हा कोणाला वाटली नव्हती.

याच संचातलं ३ पेन्सचं हुइया पक्ष्याचं तिकीट बहुतेक लोक पक्ष्यांच्या अल्बममध्ये टाकतात. ते तुमच्याकडेच यायला हवं, कारण हुइयाची पांढऱ्या टोकाची काळी शेपटीची पिसं हे माओरी समाजात मोठ्या घराण्याचं आणि अधिकाराचं चिन्ह होतं. ती पिसं ठेवायला खास कोरीव पेट्या असत. १९०१ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचा पाचवा जॉर्ज, रोटोरुआला आला. तिथे त्याच्या हॅटमध्ये हुइयाचं पीस खोवलं गेलं आणि इंग्लंडपर्यंत त्या पिसाची फॅशन पसरली. जंगलतोड, नव्याने आलेले शिकारी प्राणी, वस्तुसंग्रहालयांसाठीची शिकार हे सगळं आधीपासून चालूच होतं, त्यात या मागणीची भर पडली. हुइया खात्रीने दिसल्याची शेवटची नोंद डिसेंबर १९०७ ची आहे. म्हणजे तिकीट निघाल्यापासून दहा वर्षांच्या आत नेतृत्वाचं ते चिन्ह पुरवणारा पक्षीच संपला. नेतृत्वावरच्या फ्रेमला याहून चांगलं पहिलं पान मला सुचत नाही. कोरं तिकीट महाग वाटलं तर हलक्या शिक्क्याचं, पक्षी मोकळा दिसणारं वापरलेलं तिकीट घ्या. काहीही बिघडत नाही.

पुढे १९०६. क्राइस्टचर्चच्या हॅगली पार्कमध्ये मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं आणि त्यासाठी चार स्मरणार्थ तिकिटं निघाली: अर्ध्या पेनीवर माओरींचं आगमन, १ पेनीवर ‘माओरी कला’, ३ पेन्सवर कॅप्टन कुकचं उतरणं आणि ६ पेन्सवर न्यूझीलंडचं ब्रिटिश साम्राज्यात विलीनीकरण. हा क्रमच वाचून बघा. माओरी येतात, मग त्यांची कला उरते, मग कुक येतो, मग युनियन जॅक. चार तिकिटांत अख्ख्या देशाची सरकारी गोष्ट सांगितली आहे आणि दुसऱ्या पायरीपासून जिवंत माओरी माणूस मागे सरकला आहे. त्याच प्रदर्शनात एक नमुन्याचा पा, म्हणजे तटबंदीचं माओरी गाव, उभारलं होतं आणि तिथे माओरी मंडळी राहत होती, कार्यक्रम करत होती. पानावरच्या मजकुरात हे दोन ओळींत जरूर लिहा.

या संचाबाबत एक सावधगिरी. १ पेनीचं तिकीट शेंदरी रंगात विक्रीला आलं. त्याआधी ते गडद किरमिजी रंगात छापून झालं होतं आणि त्याच्या फारच थोड्या प्रती बाहेर पडल्या. त्या आज अत्यंत दुर्मीळ आणि महाग आहेत. म्हणूनच साध्या तिकिटाचा रंग रसायनाने किंवा उन्हाने बदलून ‘किरमिजी’ म्हणून विकायचा मोह लोकांना होतो. मान्यताप्राप्त तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र नसेल तर बोलणीच करू नका. तुमच्या विषयाला ते तिकीट लागतही नाही, शेंदरीच पुरे.

१९३५ च्या चित्रसंचात माओरी चित्रं भरपूर आहेत: दीड पेनीवर गरम झऱ्यात स्वयंपाक करणारी बाई, २ पेन्सवर कोरीव सभागृह, ३ पेन्सवर माओरी मुलगी, ९ पेन्सवर कोरीव फलक. ही स्मरणार्थ नव्हेत, रोजच्या वापराची तिकिटं आहेत. सगळी लावायची गरज नाही. ‘माओरी मुलगी’ तेवढी घ्या. समोर बघणारा पूर्ण चेहरा आहे आणि तरीही नाव नाही. १९८० च्या संचाशी तुलना करायला यासारखं दुसरं तिकीट नाही. संच घेताना जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, पाहा: १९३५ च्या मूळ छपाईत ‘एन झेड आणि तारा’ हे चिन्ह एकेरी आहे, १९३६ पासूनच्या छपाईत ते दाट, अनेकवार आहे. विक्रेते दोन्ही सरमिसळ करून ‘पूर्ण संच’ विकतात. विषयाला याने फरक पडत नाही, पण परीक्षकाला पानावर चुकीचं वर्ष दिसलं तर नक्की पडतो.

आता १९४०. इथे मी तुम्हाला थांबायला सांगेन, कारण फ्रेमचं मर्म इथे आहे. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या वाइतांगीच्या तहाला शंभर वर्षं झाली म्हणून त्या वर्षाच्या सुरुवातीला तेरा तिकिटांचा शताब्दी संच निघाला. त्यात कुक आणि टास्मान या युरोपीय दर्यावर्दींना नाव आणि मान आहे. माओरी तीन ठिकाणी येतात: अर्ध्या पेनीवर ‘१३५०’ या सालासह त्यांचं आगमन, अडीच पेन्सवर तहावर सही होत असल्याचं दृश्य आणि ७ व ८ पेन्सवर, एकाच चित्रात, ‘माओरी सभा’. सभा आहे, पण सभेतल्या एकाचंही नाव नाही. ‘१३५०’ हे सालसुद्धा एका मोठ्या ताफ्याच्या कथेवर बेतलेलं होतं. पुढच्या संशोधकांनी ती कथा बाजूला ठेवली आणि आज वस्तीची सुरुवात साधारण तेराव्या शतकात धरली जाते. तुमच्या पानावर तिकिटावरचं साल इतिहास म्हणून उतरवू नका. ही चूक प्रदर्शनांत मी वारंवार पाहिली आहे.

अडीच पेन्सच्या तिकिटावर ६ फेब्रुवारी १८४० चा प्रसंग आहे. त्या दिवशी चाळीसहून अधिक प्रमुखांनी सही केली, होने हेके पहिला. नंतर देशभर फिरवून पाचशेहून जास्त सह्या झाल्या. माओरी मसुदा आणि इंग्रजी मसुदा एकसारखे नव्हते. इंग्रजीत सार्वभौमत्व दिलं गेलं होतं, माओरीत राज्यकारभार देऊन प्रमुखांचा अधिकार राखला होता, आणि पुढच्या दीडशे वर्षांचा वाद यातून निघाला. पण ज्यांनी सही केली नाही त्यांच्याकडेही बघा. मध्यभागातल्या न्गाती तूफारेतोआ जमातीचा मानानुई ते हेऊहेऊ आणि वाइकातो जमातीचा ते फेरोफेरो यांनी सही नाकारली. (अशा नावांतला ‘ते’ हा नावाचाच भाग आहे. माओरीत ‘डब्ल्यू-एच’ या जोडीचा उच्चार ‘फ’च्या जवळ जातो. तोंडी माहिती देताना उपयोगी पडेल.) आता तुमच्या १९८० च्या संचाकडे या: १५ सेंटवर मानानुईचा मुलगा आहे आणि ३५ सेंटवर ते फेरोफेरोची पणती. १९४० मध्ये ज्या सहीचा सोहळा झाला ती सही नाकारणाऱ्या दोन घराण्यांची माणसं चाळीस वर्षांनी नावानिशी तिकिटांवर आली. ही दोन्ही तिकिटं आणि अडीच पेन्सचं तिकीट एका पानावर लावा. मधे दुसरं काही नको.

१९६८ चं ३ सेंटचं माओरी बायबलच्या शताब्दीचं तिकीट एकटंच आहे, स्वस्त आहे. पूर्ण बायबल माओरीत १८६८ मध्ये छापून आलं. भाषेच्या पानासाठी ते ठेवा. १९६७ च्या जुलैत पेन्स जाऊन डॉलर-सेंट आले, हेही इथेच नोंदवून टाका, म्हणजे पुढच्या किमती वाचताना पाहणारा गोंधळणार नाही.

आता मुख्य संच. पाच तिकिटं, पाच चेहरे. यांना पाच ‘थोर पुरुष-स्त्रिया’ म्हणून एका ओळीत उभं केलंत तर संच वाया जाईल. प्रत्येकाचं नेतृत्व वेगळ्या प्रकारचं होतं आणि काही बाबतींत ते एकमेकांच्या विरुद्धही होतं. प्रत्येकाला स्वतंत्र पान द्या.

१५ सेंट, ते हेऊहेऊ तूकिनो चौथा, म्हणजे होरोनुकू. १८८० च्या दशकात जमीन न्यायालयात तुकड्या-तुकड्यांचे हक्क ठरत होते आणि तुकडे विकले जात होते. तोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू ही पूर्वजांची शिखरंही तशीच वाटली जातील या भीतीने त्याने सप्टेंबर १८८७ मध्ये ती राणीच्या नावे सुपूर्द केली. त्यातून न्यूझीलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. तोंगारिरो १९९० मध्ये निसर्गासाठी आणि १९९३ मध्ये सांस्कृतिक भूमी म्हणूनही जागतिक वारशाच्या यादीत गेलं. शाळेच्या पुस्तकांत याला ‘दान’ म्हणतात. तहाच्या भंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१३ च्या अहवालात मात्र याकडे भागीदारी म्हणून पाहिलं: शिखरांवरचा हक्क सोडून देणं त्याच्या मनात नव्हतं. मजकुरात ‘दान’ लिहायचं असेल तर ही बाजूही लिहा. या पानाला साहित्य भरपूर मिळतं. १८९८ च्या १ पेनीवर ताउपो तळं आणि मागे रुआपेहू आहे (पुढे तेच चित्र ४ पेन्सवर गेलं), १९६० च्या ३ शिलिंगवर तोंगारिरो उद्यान आहे, १९८७ च्या राष्ट्रीय उद्यानांच्या शताब्दी संचातही तोंगारिरो आहे. तीन काळांतले तेच डोंगर आणि चौथ्या तिकिटावर ते सांभाळणारा माणूस, असं हे पान व्हावं.

२५ सेंट, ते हाऊ ताकिरी फारेपापा, उत्तरेकडच्या न्गापुही जमातीचा. १८६३ मध्ये माओरी मंडळींचा एक गट इंग्लंडला गेला, त्यात तो होता. त्यांची राणी व्हिक्टोरियाशी भेट झाली. तो तिथेच इंग्रज बाईशी लग्न करून परतला. चित्रकार गॉटफ्रीड लिंडाउअरने त्याचं रंगवलेलं चित्र आज ऑकलंडच्या कलासंग्रहालयात आहे. पानावर १८६० च्या दशकातलं राणीच्या चेहऱ्याचं एखादं वापरलेलं तिकीट लावा, कारण फारेपापा ज्या राणीपुढे उभा राहिला ती हीच. आणि खाली एक ओळ: १८६३ च्याच जुलैत ब्रिटिश फौजा मांगाताफिरी ओढा ओलांडून वाइकातो प्रदेशात घुसल्या. उत्तरेचा एक प्रमुख राणीच्या देशात पाहुणा होता त्या वर्षी वाइकातोवर युद्ध चालून आलं. युद्धानंतर वाइकातोची बारा लाख एकर जमीन जप्त झाली.

ही ओळ तुम्हाला थेट पुढच्या तिकिटावर नेते. ३५ सेंट, ते पूएआ हेरांगी. जन्म १८८३, मृत्यू १९५२. दुसऱ्या माओरी राजाची, म्हणजे ते फेरोफेरोचा मुलगा ताफियाओ याची, ही नात. पहिल्या महायुद्धात माओरींवर सक्तीची सैन्यभरती आली ती प्रत्यक्षात वाइकातो-मानियापोतो जमातींवरच लादली गेली. ज्या सरकारने आपली जमीन घेतली त्याच्यासाठी आपल्या मुलांनी लढायचं नाही, अशी ते पूएआंची भूमिका होती. तरुणांना त्यांनी आश्रय दिला, पोलिसांनी मुलं उचलून नेली तेव्हाही त्या मागे हटल्या नाहीत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने वस्त्या ओसाड केल्या. सुमारे शंभर अनाथ मुलं त्यांनी आपल्याकडे घेतली. १९२१ नंतर न्गारुआवाहियाला, जप्त झालेल्या जमिनीतलाच दलदलीचा झुडपी तुकडा विकत घेऊन, तूरांगावाएवाए हे केंद्र उभं केलं. पैसे कुठून आले? गाणी-नाच करणारं एक पथक काढून त्या गावोगाव फिरल्या, आणि त्या पथकाला त्यांनी मांगाताफिरीचंच नाव दिलं. १९४० च्या वाइतांगी सोहळ्याला त्या आणि वाइकातोचे लोक गेले नाहीत. जप्तीबद्दलचा पहिला करार १९४६ मध्ये त्यांच्या हयातीत झाला. पूर्ण तडजोड आणि राणीच्या सहीने आलेली माफी १९९५ मध्ये आली.

माझ्या मते संचातलं हे सगळ्यात मोठं तिकीट आहे. याला दोन पानं द्या.

४५ सेंट, सर आपिराना न्गाता. जन्म १८७४, न्गाती पोरोऊ जमात, न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी पूर्ण करणारे पहिले माओरी. १९०५ ते १९४३ संसदेत, १९२८ पासून माओरी खात्याचे मंत्री. जमिनीचे विखुरलेले हक्क एकत्र करून शेती उभी करायच्या त्यांच्या योजना मोठ्या होत्या. त्यांच्या खात्याच्या कारभारावर चौकशी आयोगाने ताशेरे ओढले आणि १९३४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, हेही पानावर यायला हवं. जुनी गीतं जमवणं, रोटोरुआला कोरीवकामाची शाळा काढणं, देशभर नवी सभागृहं उभारणं ही त्यांची दुसरी बाजू. इथे १९३५ चं ९ पेन्सचं कोरीव फलक आणि १९८८ ची छताच्या वाशांवरच्या कोफायफाय नक्षीची सहा तिकिटं लावा. एरवी ती नुसती शोभा ठरली असती, न्गातांच्या पानावर ती त्यांच्या कामाची खूण होतात. न्यूझीलंडच्या ५० डॉलरच्या नोटेवरही तेच आहेत, पण नोट फ्रेममध्ये लावू नका, मजकुरात उल्लेख पुरे.

आणि आता १९४० कडे पुन्हा बघा. न्गाता वाइतांगीला गेले. तिथलं नवं सभागृह त्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं होतं, त्याच्यापुढे त्यांनी हाकाचं नेतृत्व केलं. भाषणात मात्र त्यांनी विचारलं की जमिनी गेल्या, प्रमुखांची सत्ता धुळीला मिळाली, संस्कृती विखुरली, मग माओरींनी मनापासून साजरं करावं असं या तहात उरलं काय? एक घरी राहिली, एक गेला आणि तिथेच बोलला. सैन्यभरतीतही तसंच: ते पूएआंचा नकार, तर न्गाता दोन्ही युद्धांत भरतीच्या बाजूने, कारण रक्ताची किंमत मोजल्यावर नागरिकत्वाचे हक्क नाकारता येणार नाहीत असा त्यांचा हिशेब. दोघांचा एकमेकांशी स्नेह होता, कामात सहकार्य होतं. ३५ आणि ४५ सेंटची तिकिटं समोरासमोर येतील अशी पानं आखा.

६० सेंट, हाकोपा ते आता-ओ-तू, दक्षिण बेटावरच्या न्गाई ताहू जमातीचा योद्धा. १८३१ च्या सुमारास न्गाती तोआ या दुसऱ्या माओरी जमातीचा प्रमुख ते राउपाराहा याच्या फौजेने कायापोईच्या तटबंदीच्या गावाला (पा) वेढा घातला, तेव्हा लढताना तो पकडला गेला. त्याला उत्तरेकडे नेलं. पुढे सुटका होऊन तो आपल्या लोकांत परतला आणि १८८३ मध्ये वारला. त्याच्याबद्दल छापील साहित्य कमी मिळतं, म्हणून हे पान छोटं राहिलं तरी चालेल. या पानावर एक गोष्ट नक्की दिसू द्या: माओरी म्हणजे एकच एक जमात नव्हे. हाकोपाचा शत्रूही माओरीच होता.

१९८० नंतरचं साहित्य सोपं आहे आणि स्वस्तही. १९९० च्या वारसा मालिकेतल्या माओरींवरच्या संचात रांगी आणि पापा या आद्य मातापित्यांची कथा आहे, पिसांचं वस्त्र आहे, गोंदण आहे. माओरी भाषा वर्षाचा १९९५ चा संच १९६८ च्या बायबलजवळ लावा. १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली, या दोन तिकिटांच्या मधली वर्षं तेवढ्याने भरून निघतात. २००८ पासून मातारिकीची तिकिटं आली. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. तिकडच्या ऐन हिवाळ्यात त्या पहाटे पुन्हा दिसू लागल्या की माओरी नवं वर्ष धरतात. २००९ मध्ये हेई-तिकी (गळ्यात घालायची टिकी), २०१० मध्ये पतंग असे विषय होते. २०२२ पासून मातारिकीला सार्वजनिक सुट्टी आहे. यातला एखादाच संच घ्या, नाहीतर फ्रेमचा दुसरा अर्धा भाग नुसता रंगीत होऊन बसेल.

२०११ चा व्हिक्टोरिया क्रॉसचा, म्हणजे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाचा, बावीस तिकिटांचा संच मात्र विसरू नका. त्यात मोआना-नुई-आ-किवा न्गारिमू आहे, अठ्ठाविसाव्या माओरी बटालियनचा अधिकारी, न्गातांच्याच न्गाती पोरोऊ जमातीचा. तो मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियात पडला. न्गातांनी सांगितलेली नागरिकत्वाची किंमत हीच. इथे मराठी संग्राहकाला एक मोह होईल: ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीवरच्या हल्ल्यात न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी-शेजारी लढल्या आणि त्याच दिवशी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दुवा खरा आहे, पण या फ्रेममध्ये आणू नका. त्याची वेगळी फ्रेम होईल आणि ती करावी असं मला मनापासून वाटतं.

मांडणीबद्दल थोडं. माओरी परंपरेत डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग आहे, आणि पूर्वजांच्या प्रतिमेला पूर्वजांइतकाच मान असतो. शिजवलेलं अन्न आणि पवित्र गोष्ट एकत्र ठेवत नाहीत. म्हणून मी काही पथ्यं पाळतो आणि तुम्हीही पाळावीत: व्यक्तींची तिकिटं तिरकी किंवा एकावर एक चढवून लावू नका. चेहऱ्यावर जाड काळा शिक्का बसलेली प्रत घेऊ नका, कोपऱ्यात शिक्का असलेली शोधा. आणि १९३५ चं स्वयंपाकाचं तिकीट पाचांपैकी कोणाच्याही पानावर ठेवू नका. आपल्या घरात पूर्वजांच्या तसबिरी कुठे लावायच्या याला रीत असते, तशीच ही. पाहणाऱ्यांत एखादा माओरी माणूस असेल तर त्याला हे लगेच कळतं. या समाजात प्रतिमांवरच्या हक्काचा प्रश्न किती गंभीर आहे हे पाहायचं तर १९९१ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणापुढे गेलेला ‘वाई २६२’ हा दावा वाचा. त्याचा निकाल यायला वीस वर्षं लागली.

प्रदर्शनात गुण मिळवायचे तर नुसत्या तिकिटांवर भागत नाही. पाकिटं हवीत, शिक्के हवेत. फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्याच्या दिवशीच्या शिक्क्याचं पाकीट) एखाद-दुसरंच लावा, ती विकत घेण्यासाठीच बनलेली असतात. त्याऐवजी खऱ्या टपालातून गेलेली, पोस्टाच्या शिक्क्यावर विषयाशी जुळणारं गाव असलेली पाकिटं शोधा: न्गारुआवाहिया, रुआतोरिया (न्गातांच्या न्गाती पोरोऊ जमातीच्या भागातलं), रोटोरुआ, कायापोई. न्यूझीलंडमधले छोटे विक्रेते अशी पाकिटं गावांप्रमाणे लावून ठेवतात आणि किंमत फारशी लावत नाहीत, कारण तिकीट साधंच असतं. कॅटलॉगसाठी स्टॅन्ली गिबन्स पुरेसा आहे. छपाईचे बारकावे हवे असतील तर कॅम्पबेल पॅटर्सन पाहा.

आपल्याकडच्या हवेबद्दल एक सूचना, विशेषतः मुंबई-कोकण-गोव्यातल्यांना. १८९८ ते १९४० च्या कोऱ्या तिकिटांचा मूळ गोंद पावसाळ्यात ओलावा धरतो, पिवळे-तपकिरी ठिपके येतात आणि ते पुढे कागदात उतरतात. या काळातली तिकिटं वापरलेली, गोंद नसलेली घेणं शहाणपणाचं. कोरी घेतलीत तर माउंट (तिकिटाचं पारदर्शक आवरण) चारही बाजूंनी बंद करू नका, अल्बम उभा ठेवा आणि जून ते सप्टेंबर त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या मधूनमधून बदला.

खर्चाचा क्रम विचाराल तर आधी १९४० चं अडीच पेन्स आणि ‘माओरी सभा’, मग हुइया, मग १९०६ ची चार. १९०६ ला वेळ लागू द्या, कडेचे दाते शाबूत असलेल्या आणि मध्यभागी छापलेल्या प्रती सहज मिळत नाहीत. नंतरचे संच कधीही मिळतील. आणि सगळं होऊन पैसे उरले तर ते १९५२ च्या आधीच्या, न्गारुआवाहियाचा स्वच्छ शिक्का असलेल्या एका पाकिटावर घाला. ते पूएआंच्या दुसऱ्या पानाला त्याचीच गरज आहे.